ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दगड का होते?

डिझेल व्हॅनचा ब्रेक बुस्टर बदलला, दोन-तीन महिने बरे गेले आणि पेडल पुन्हा कडक झाले. पुन्हा नवा बुस्टर, पुन्हा तीच तक्रार. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील व्हॅनमालक आणि गॅरेजवाली मंडळी यांच्याशी बोलताना ही कहाणी आम्हांस इतक्या वेळा ऐकावयास मिळाली की, या पानावर तिचा एकदा सविस्तर विचार करावा असे वाटले. यात मालकाचा पैसा जातो, मिस्त्रीचे नाव जाते, आणि घाटात असे घडले तर गाडीत बसलेल्यांच्या जिवावर बेतते.

या शहराचे व्हॅनशी नाते जुने आहे. वेरूळ तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभरावर, दौलताबाद आणि खुलताबाद तर वेरूळच्या वाटेवरच. पर्यटकांची ने-आण, शाळेची मुले, वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांच्या पाळ्या, लग्नाची वऱ्हाडे, खुलताबादच्या उरुसाची गर्दी, हे सारे कधी मॅटाडोरने, कधी ट्रॅक्सने, सुमोने, ट्रॅव्हलरने वाहिले. मॅटाडोर कारखान्यातून निघणे केव्हाच बंद झाले. ती बनविणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. सुमोचे उत्पादनही २०१९ साली थांबले. गाड्यांची नावे बदलली, इंजिने बदलली, पण बुस्टरमधील व्हॅक्यूमचा हिशेब तोच राहिला आहे, आणि तक्रारीही त्याच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "ब्रेक गेला" या दोन शब्दांत आपल्याकडे तीन वेगवेगळे रोग एकत्र कोंबले जातात. पेडल दाबताच खाली फळीपर्यंत गेले तर तो ब्रेक ऑईलचा, लाईनमध्ये शिरलेल्या हवेचा किंवा मास्टर सिलिंडरचा दोष. पेडल जागच्या जागी आहे, पायाखाली नेहमीसारखे लागते, पण गाडी थांबत नाही आणि चाकातून जळका वास येतो, तर लायनर तापले. आणि पेडल दगडासारखे कडक होऊन खाली जातच नसेल, सारा जोर लावल्यावर गाडी कशीबशी थांबत असेल, तर तो व्हॅक्यूमचा दोष समजावा. या लेखाचा विषय हा तिसरा रोग आहे. ड्रायव्हरने गॅरेजात येऊन नुसते "ब्रेक लागत नाही" एवढेच सांगितले तर निम्मे निदान तेथेच बिघडते. पेडल कसे झाले, केव्हा झाले, गाडी थंड होती की तापलेली, इंजिन चालू होते की बंद, हे मिस्त्रीने खोदून विचारावे.

हवेचा दाब आणि पडदा

बुस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. त्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून काढलेली असते. पेडल दाबले की आतला व्हॉल्व्ह पडद्याच्या मागल्या बाजूस बाहेरची हवा सोडतो. पुढल्या बाजूस व्हॅक्यूम, मागे हवेचा दाब, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि पायाच्या जोरात त्याचा जोर मिसळतो. अल्बेर देवांद्रे या बेल्जियन अभियंत्याने १९२० च्या दशकात व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेक लावण्याची ही युक्ती पुढे आणली आणि जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ साली ती बाजारात आणली. तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही.

हा जोर लहानसहान नाही. नऊ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरते. व्हॅक्यूम ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६८० ग्रॅमच्या आसपास भार येतो. गुणाकार केला तर पावणेतीनशे किलोहून अधिक जोर एकटा बुस्टर लावतो. व्हॅक्यूम निम्मा झाला की जोरही निम्मा. जो माणूस रोज या मदतीवर गाडी थांबवतो, त्याच्या पायाला ती अचानक मिळेनाशी झाली की ब्रेकच गेला असे वाटते. वास्तविक ऑईल, पाईप, चाकातील सिलिंडर सारे जाग्यावर असते. दोन्ही पायांनी दाबले तरी गाडी थांबू शकते, पण ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून पेडल सोडतो आणि पुन्हा पुन्हा मारतो. प्रत्येक वेळी उरलासुरला व्हॅक्यूमही संपतो.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती अर्धवट मिटलेली असताना इंजिन श्वास घेते, तेव्हा तिच्यामागे आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि तोच बुस्टरला नेतात. डिझेल इंजिनात वेग कमी-अधिक करतात तो डिझेलच्या मापाने. हवेची वाट मोकळीच असते, त्यामुळे तेथे कामापुरता व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणून डिझेल व्हॅनला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच्याच शाफ्टवर बसविलेला असतो. काहींत तो इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालतो. पंपाच्या आत फिरणारी पाती असतात. त्यांना वंगण म्हणून इंजिनचे ऑईल एका बारीक नळीने येते, आणि ते ऑईल व ओढलेली हवा दुसऱ्या जाड नळीने इंजिनच्या चेंबरमध्ये परत जाते. ही परतीची नळी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम आहे.

पंपाकडून बुस्टरकडे जाड रबरी होज जातो आणि त्याच्या वाटेवर, बहुधा बुस्टरच्या तोंडाशीच, एक वन-वे व्हॉल्व्ह असतो. हवा बुस्टरकडून पंपाकडे जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. सगळ्या साखळीतील हा सर्वांत स्वस्त तुकडा. आमच्या पाहण्यात वारंवार येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही याच्याकडेच.

तीन दुकाने, मधला दोष बेवारस

शहरातील दुरुस्तीचा धंदा कामाप्रमाणे वाटला गेला आहे. जुन्या दरवाजांच्या आसपास आणि जालना रोडच्या आतल्या गल्ल्यांत पाहिले तर ब्रेकवाला निराळा, डायनामो बांधणारा निराळा, इंजिनवाला निराळा. प्रत्येकजण आपल्या कामात तरबेज आहे. पण व्हॅक्यूमची वाट या तिघांच्या दुकानांतून जाते. पंप डायनामोवाल्याच्या बाकावर उघडतो, त्याचे ऑईल इंजिनवाल्याच्या ताब्यात, आणि बुस्टर ब्रेकवाल्याकडे. पेडल कडक झाले की गाडी ब्रेकवाल्याकडे जाते. त्याच्या हाताशी बुस्टर असतो, म्हणून बुस्टर बदलतो. पंपापासून बुस्टरपर्यंतची सारी वाट एकाच माणसाने एकाच वेळी तपासली, असे फार थोड्या वेळा घडते. तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचे मुख्य कारण आमच्या मते हे आहे. बुस्टर खराब निघतो हे खरेच असते, पण त्याला खराब करणारा गाडीतच बसून राहतो.

आमच्या माहितीतील वेरूळच्या फेऱ्या करणाऱ्या एका व्हॅनचे उदाहरण येथे देतो. सव्वा वर्षात तिचे तीन बुस्टर गेले. मालकाची खात्री झाली की बाजारात माल नकली येतो. (नकली माल येत नाही असे आमचे म्हणणे नाही.) शेवटी एका वयस्क मिस्त्रीने काढलेला तिसरा बुस्टर भंगारात न टाकता छिन्नीने उघडला. आत काळे इंजिन ऑईल. पडदा फुगून त्याच्या कडा जागेवरून सरकलेल्या. बुस्टरमध्ये इंजिनचे ऑईल जाण्याचे काहीच कारण नाही. ते फक्त होजमधून, म्हणजे पंपाकडून येऊ शकते. मग उलगडा होत गेला. पहिला बुस्टर जाण्याच्या थोडे आधी अल्टरनेटर बांधण्यासाठी उतरविला होता. परत बसविताना परतीची नळी पिळली गेली आणि तिला मोड आली. पंपात येणारे ऑईल वेळेवर चेंबरमध्ये उतरेना, पंप ऑईलने भरून राहू लागला. इंजिन चालू असेपर्यंत ओढ पंपाकडे असते, म्हणून काही बिघडत नाही. इंजिन बंद केले की बुस्टरमधील व्हॅक्यूम उलट ओढू लागतो. ही उलटी ओढ वन-वे व्हॉल्व्हने अडवावी, पण व्हॉल्व्हही सैल झालेला. दररोज गाडी बंद करताना थोडे थोडे ऑईल बुस्टरकडे सरकत होते. ब्रेकच्या कामासाठी वापरतात त्या पुष्कळ जातींच्या रबराला खनिज तेल मानवत नाही, ते फुगते आणि मऊ पडते. चौथा बुस्टर बसविला तेव्हा नवी परतीची नळी, नवा व्हॉल्व्ह आणि आतून धुऊन कोरडा केलेला होज बसविला. तक्रार तेथे संपली. मालकाने तीन बुस्टरांचे पैसे मोजले होते ते एका मुडपलेल्या नळीपायी.

यातून मिस्त्रींना एक सवय लावून घेता येईल. काढलेल्या बुस्टरच्या तोंडातून होज ओढला की आत बोट घालून पाहावे. कोरडे असावे. काळे ऑईल लागले तर पंप, परतीची नळी आणि व्हॉल्व्ह पाहिल्याशिवाय नवा बुस्टर लावू नये. आणि ब्रेक ऑईल लागले तर कथा उलटी आहे. मास्टर सिलिंडरचा मागला रबर गळू लागला की ब्रेक ऑईल बाहेर टपकत नाही, बुस्टरच्या डब्यात उतरते. कारण मास्टर बुस्टरच्या तोंडावरच बोल्टने बसविलेला असतो आणि व्हॅक्यूम ते आत ओढतो. वरच्या डबीतले ऑईल दर आठवड्याला कमी होते, चाके कोरडी, पाईप कोरडे, जमिनीवर एक थेंब नाही. ड्रायव्हर भर घालत राहतो. पुढे तेच ब्रेक ऑईल होजमधून पंपात आणि तेथून इंजिनच्या ऑईलमध्ये जाते. अशा गाडीत नुसता बुस्टर बदलून जुना मास्टर त्याच्यावर चढविणे म्हणजे नव्या बुस्टरची मुदत लिहून देणेच आहे.

होज हा आणखी एक लबाड भाग. पाण्याचा किंवा डिझेलचा होज बाहेरून तसाच दिसतो, पण तो आतून बाहेर येणारा दाब सोसण्यासाठी केलेला असतो. व्हॅक्यूम त्याला बाहेरून चेपतो. थंड असताना तो टिकतो, बॉनेटखाली तापला की चपटा होतो. काही जुन्या होजांचा आतला थर सुटतो आणि पापुद्र्यासारखा वाटेत आडवा येतो. बाहेरून होज नवाकोरा, आत वाट बंद. अशी व्हॅन सकाळी गॅरेजात उत्तम चालते, मिस्त्री म्हणतो काही दोष नाही, मालकाला वाटते आपल्यालाच भास होतो, आणि दुपारी खुलताबादचा घाट उतरताना पेडल पुन्हा दगड. ज्या गाडीची तक्रार ठराविक वेळी, ठराविक अंतर चालल्यावर येते, तिची तपासणी वीस-तीस किलोमीटर चालवून, इंजिन गरम असतानाच करावी. फिटनेसच्या तपासणीत सपाट जागेवर, थंड गाडीवर एकदोनदा ब्रेक मारून असा दोष सापडत नाही.

व्हॅक्यूमच्या दोषामुळे माणसे भलत्याच खर्चात कशी पडतात, याचा एक प्रकार तर नोंद घेण्यासारखा आहे. पंप ओढलेली हवा चेंबरमध्ये सोडतो हे वर आलेच. होज कोठे फाटला किंवा बुस्टरचा पडदा चिरला तर पंप बाहेरची हवा अखंड ओढत राहतो आणि ती सगळी चेंबरमध्ये कोंबतो. ब्रीदरमधून भकभक हवा येते, ऑईल उडते, डिपस्टिक वर उचलली जाते. हे पाहून रिंगा गेल्या, बोरिंग करावे लागेल, इंजिन उतरवा, असा सल्ला मिळतो. इंजिनकामाला हात घालण्यापूर्वी एक साधी गोष्ट करावी. गाडी जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकाला ओट लावावी, इंजिन चालू ठेवून पंपाच्या तोंडाशी होज चिमट्याने घट्ट दाबावा. ब्रीदरचा जोर लगेच कमी झाला तर हवा होजच्या वाटेने येत होती. कमी झाला नाही तर मात्र इंजिनवाल्याचे म्हणणे ऐकावे.

नव्या जमान्याच्या टर्बो डिझेल गाड्यांत याच व्हॅक्यूमवर आणखी कामे लादली आहेत. टर्बोचा दाब आवरणारी डबी, धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप, अशा ठिकाणी मुख्य वाटेपासून बारीक रबरी नळ्या फुटतात. काडीएवढी नळी तडकली तरी ब्रेकचा व्हॅक्यूम गळतो. येथे ब्रेकवाल्याला टर्बोशी काय देणे-घेणे? म्हणून ती नळी तशीच राहते. पिकअप कमी झाला आणि पेडलही जड झाले, अशा दोन तक्रारी एकदम आल्या तर प्रथम या फाट्यांकडे पाहावे. तसेच, चार्जिंगचा दिवा मिणमिणतो आणि पेडल जड, या दोन तक्रारी जोडीने आल्या तर अल्टरनेटरचा बेल्ट तपासावा. पंप त्याच शाफ्टवर असला तर सैल बेल्ट दोघांनाही उपाशी ठेवतो.

आधी पायाने, मग गेजने

बुस्टरला पाना लावण्यापूर्वी तीन परीक्षा फुकटात होतात. गाडी सपाट जागेवर असावी.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली सरकले पाहिजे. सरकले नाही तर मदत पोहोचत नाही. दुसरी परीक्षा उलटी. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि नेहमीच्या जोराने पेडल दाबावे. पहिल्यांदा खोल, दुसऱ्यांदा थोडे वर, तिसऱ्यांदा आणखी वर थांबले तर डबा हवाबंद आहे. पहिल्याच दाबाला कडक लागले तर व्हॅक्यूम थांबत नाही, आणि येथे पहिला संशयित वन-वे व्हॉल्व्ह. तिसऱ्या परीक्षेत इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे आणि धरलेलेच असताना इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पेडल हलता कामा नये. ते पायाला वर ढकलू लागले तर आतून हवा शिरते आहे. पेडलपाशी फुसफुस ऐकू आली तर पडदा किंवा बुस्टरचा आतला व्हॉल्व्ह गेला असे समजण्यास हरकत नाही.

व्हॉल्व्हची परीक्षा तोंडाने होते. बुस्टरकडच्या बाजूने फुंकले तर हवा जावी, पंपाकडच्या बाजूने फुंकले तर थेंबभरही जाऊ नये. काही व्हॉल्व्ह थंड असताना धरतात आणि गरम झाले की सोडतात, म्हणून ही परीक्षाही गाडी चालवून आल्यावरच करावी.

यानंतर गेज. व्हॅक्यूम गेज ही काही महागडी वस्तू नव्हे. साधा गेज हजार रुपयांच्या आत मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. ज्या शहरात बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, जेथे शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होतात, दुचाकींचे ब्रेक बनविणाऱ्या एंड्युरन्सचे मुख्यालय जेथे आहे, त्याच शहरातील बहुसंख्य गॅरेजांत हा गेज नाही, याचे आम्हांस नवल वाटते. बुस्टर बदलण्यापूर्वी गेज लावणे म्हणजे ताप मोजल्याशिवाय औषध न देणे होय.

प्रथम गेज थेट पंपाच्या तोंडाला लावावा, इंजिन हळू चालू ठेवावे. काटा कोठवर जातो हे तर पाहावेच, पण किती सेकंदांत जातो हेही मोजावे. झिजलेल्या पात्यांचा पंप शेवटी बऱ्यापैकी आकडा दाखवतो, मात्र तेथवर पोहोचायला वेळ लावतो, आणि गर्दीत पाठोपाठ ब्रेक लागतात तेव्हा तेवढा वेळ मिळत नाही. पंप ठीक असेल तर टी-जोड घालून गेज व्हॉल्व्ह आणि बुस्टर यांच्यामध्ये लावावा. आकडाच कमी आला तर मधे गळती. आकडा तोच पण काटा रेंगाळत चढला तर मधे अडथळा, बहुधा चपटा झालेला होज. मग इंजिन बंद करावे. काटा भराभर पडला तर व्हॉल्व्ह किंवा बुस्टर. बुस्टरकडचा होज चिमट्याने दाबून पुन्हा पाहिले की दोघांपैकी कोण हे कळते. पंधरा मिनिटांचे काम.

येथे एक स्थानिक बारकावा सांगितला पाहिजे. कंपनीच्या पुस्तकातील आकडे पुष्कळदा समुद्रसपाटीचे असतात, जेथे हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाबच सुमारे ७१० मिलिमीटर भरतो. म्हणजे कोणताही पंप, कितीही नवा असो, मुंबईत दाखवील त्यापेक्षा येथे सुमारे पन्नास मिलिमीटर कमीच दाखविणार. पुस्तकात ६५० लिहिले असेल आणि गेजवर ६०० आले तर तो पंप निरोगी आहे. हे न कळल्यामुळे चांगला पंप काढून फेकला जाण्याचा धोका असतो. म्हैसमाळ तर हजार मीटरहून उंच. तेथे आणखी चाळीसेक मिलिमीटर वजा करावे.

घाट आणि न्यूट्रल

गाडी निर्दोष असली तरी चालविणाऱ्याची एक सवय व्हॅक्यूम संपवू शकते, आणि ती म्हणजे उतारावर डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा इंजिनच बंद करणे. कन्नड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यानच्या औट्रम घाटात २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर जड वाहनांना बंदी घालण्यात आली, हलक्या गाड्यांना मात्र तो घाट खुला राहिला. अशा उतारावर खालचा गिअर टाकला तर गाडीचे वजनच इंजिनला जोरात फिरविते, पंपही जोरात फिरतो, इंजिन स्वतः गाडीला आवरते आणि ब्रेकचे काम कमी होते. न्यूट्रलमध्ये इंजिन हळू फिरते, पंप मंद, आणि ब्रेक मात्र दुप्पट वेळा मारावा लागतो. दुबळा पंप तेथे हरतो. इंजिन बंद केले तर बुस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढीच शिल्लक असते, त्यानंतर नुसता पाय. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. बंद इंजिनावर उतरून वाचलेले डिझेल मोजायला गेले तर एका वळणाच्या किमतीचेही भरत नाही.

भर उतारावर पेडल दगड झालेच तर पंप करत बसू नये. पेडल एकदाच, दोन्ही पायांनी लागेल तेवढ्या जोराने दाबून धरावे, गिअर एकेक करून खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिनची चावी फिरवू नये.

निदानाची मजुरी

मिस्त्री मंडळींची एक अडचण आम्हांस मान्य आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक बदललेल्या वस्तूचे पैसे देते, शोधलेल्या दोषाचे देत नाही. चार हजारांचा बुस्टर बसविला तर मजुरी मागता येते. पंधरा मिनिटे गेज लावून शंभर-दोनशे रुपयांचा व्हॉल्व्ह बदलला तर, एवढेच तर केले, असे म्हणून मालक हात आखडतो. मग मिस्त्री तरी गेज कशाला लावील? हा दोष मालकांचा आहे. जो तपासणीची वेगळी मजुरी देत नाही, तो नको असलेल्या सुट्या भागांच्या रूपाने ती दुप्पट देतो.

गॅरेजवाल्यांनी बिलावर तपासणीची ओळ वेगळी लिहावी, गेजवर आलेले आकडे आधीचे व नंतरचे असे दोन्ही लिहून द्यावेत, आणि काढलेला भाग गिऱ्हाइकास दाखवावा. डायनामोवाल्याने पंपाला हात लावला असेल तर त्याने परतीची नळी सरळ बसली आहे व तांब्याचे वॉशर नवे घातले आहेत हे पाहूनच गाडी सोडावी, आणि ब्रेकवाल्याने "अलीकडे डायनामो उतरविला होता का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय बुस्टर उघडू नये. हे शिक्षण काही फक्त जुन्या गाड्यांपुरते नाही. विजेवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये इंजिनच नसते, तरी ज्यांत व्हॅक्यूमचा बुस्टर ठेवला आहे त्यांत तो भरण्यासाठी विजेचा छोटा पंप असतो. होज, वन-वे व्हॉल्व्ह आणि पडदा तेथेही आहेतच. गेज तोच लागेल.

सुटा व्हॉल्व्ह घेताना दुकानातच दोन्ही बाजूंनी फुंकून पाहावा, त्यावर बाण असेल तर बसविताना तो पंपाकडे करावा, आणि होजच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा त्याच वेळी नव्या घ्याव्यात.